डेटाचा चार्ज कोणाकडे?

२४ जून २०१७ रोजी महाराष्ट्र शासनाने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. थकीत पीककर्ज दीड लाखापर्यंत माफ होणार होते. शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा, बँकांनी कर्जखात्यांची माहिती ६६ रकान्यांच्या तक्त्यात द्यायची, आणि संगणकाने दोन्हींचा मेळ घालून पात्र शेतकऱ्यांची ‘ग्रीन लिस्ट’ काढायची, असे ठरले. दिवाळीच्या तोंडावर समारंभपूर्वक प्रमाणपत्रे वाटली गेली आणि पाठोपाठ गोंधळ बाहेर आला. एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे निघाली. याद्या पुन्हा तपासायला घ्याव्या लागल्या आणि रकमा लांबल्या.

अडीच वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. तिची मांडणी उलटी होती. अर्जच नव्हता. बँकांनी खात्यांची माहिती आधी चढवली, प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक मिळाला, गावोगाव याद्या लागल्या आणि शेतकऱ्याने सेवा केंद्रात आधारचे प्रमाणीकरण करून रक्कम मान्य आहे की नाही एवढेच सांगायचे होते. या दोन योजनांचे राजकीय श्रेय-अपश्रेय हा या पुस्तकाचा विषय नाही. माहिती कुठून उचलायची, कोणत्या टप्प्यावर तपासायची, दोन याद्या जुळल्या नाहीत तर कोणती खरी मानायची, हे ठरवून तसे यंत्र उभे करणे म्हणजे डेटा इंजिनिअरिंग. ते चुकले तर मंत्रालयात झालेला निर्णय बांधावर पोचत नाही.

हे पुस्तक ते काम करणाऱ्यांविषयी आहे, आणि त्यातही एका विशिष्ट गटाविषयी. शासकीय विभागांच्या क्लाउडवर बसून कंत्राटी पद्धतीने काम करणारे हे डेटा इंजिनिअर. कार्यालयात त्यांची ओळख ‘एजन्सीचा माणूस’ एवढीच असते. हजेरीपटावर त्यांचे नाव नसते आणि पत्रव्यवहारात सही नसते. पण रात्री अडीच वाजता जॉब फेल झाला तर फोन त्यांनाच येतो. आज शासन यंत्र भाड्याने घेते आणि ते चालवणारा माणूसही मुदतीने घेते. यंत्राचे भाडे भरत राहिले की यंत्र चालू राहते. माणसाची मुदत संपली की त्याच्या डोक्यातले सगळे त्याच्याबरोबर निघून जाते. या पुस्तकाची सगळी धडपड या एका गोष्टीभोवती आहे, असे मला वाटते.

काम नेमके काय असते

नवख्या वाचकासाठी आधी कामाचे स्वरूप सांगतो. एखाद्या विभागाकडे माहिती अनेक वाटांनी येते. जुन्या प्रणालीचा डेटाबेस असतो, बँकेकडून रोज एक फाइल येते, तालुक्यांतून एक्सेलचे तक्ते येतात, क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या मोबाइल अॅपमधून फोटो आणि अक्षांश-रेखांश येतात. यातले काहीच एकमेकांशी जुळत नसते. डेटा इंजिनिअर असे प्रोग्रॅम लिहितो की ठरल्या वेळी ही माहिती आपोआप उचलली जाईल, तपासली जाईल, एका साच्यात बसेल आणि साठवली जाईल. या साखळीला ‘पाइपलाइन’ म्हणतात. सकाळी दहा वाजता जिल्हाधिकाऱ्यांसमोर जो डॅशबोर्ड उघडतो, त्याच्या मागे अशा कितीतरी पाइपलाइन रात्रभर चाललेल्या असतात. डॅशबोर्ड करणाऱ्याचे कौतुक होते. पाइपलाइन करणाऱ्याची आठवण ती बंद पडल्यावर येते.

पुस्तकी उदाहरणांत विक्रीची बिले आणि ग्राहकांची नावे असतात. सरकारी डेटाचा अवघडपणा वेगळ्या जातीचा असतो आणि हे पुस्तक जिथून आले त्या विदर्भात तो एका इतिहासामुळे आणखी वाढतो. १९५६ पर्यंत नागपूर ही आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. इथली जमीन महसुलाची व्यवस्था, दप्तराची घडण, सगळे पश्चिम महाराष्ट्राहून वेगळे होते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेने कायदा एक केला, पण कागद एका दिवसात एक होत नाही. म्हणून आजही इथल्या सातबाऱ्यांवर, फेरफारांवर ‘प.ह.नं.’ म्हणजे पटवारी हलका नंबर भेटतो, तर पुण्याकडचा तक्ता ‘साझा’ विचारतो. दोन्ही एकाच रकान्यात कोंबणाऱ्याला पुढे महिनाभर निस्तरावे लागते.

दुसरे उदाहरण ‘रिठी’ गावांचे. वस्ती उठून गेलेली, पण महसुली दप्तरात गाव म्हणून कायम असलेली ही गावे विदर्भात जागोजागी आहेत. लोकसंख्या शून्य, पण शेती आहे, सातबारा आहे, पीकपाहणी आहे. बाहेरून आलेला इंजिनिअर लोकसंख्या शून्य असलेली ओळ पाहतो, चूक समजून गाळतो आणि त्या शिवारातल्या सगळ्या खातेदारांना यादीबाहेर काढतो. कोड बरोबर चालतो, कुठे लाल दिवा लागत नाही. चूक कळते ती कोणी शेतकरी अनुदान का आले नाही म्हणून तहसीलच्या पायऱ्या चढतो तेव्हा.

तिसरी गोष्ट लिपीची. युनिकोड रुळण्यापूर्वी सरकारी मराठी मजकूर श्री-लिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप होत असे. त्या फायली आज उघडल्या तर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा असल्यामुळे रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरे दगा देतात. त्यात नावांचा घोळ. वानखेडे हे आडनाव रोमनमध्ये तीन-चार प्रकारे लिहिले जाते. आधार कार्डावर नाव आधी, सातबाऱ्यावर कधी आडनाव आधी, आणि बाईच्या बँक खात्यावर कधी माहेरचे नाव तर रेशनकार्डावर सासरचे. ‘हीच ती व्यक्ती’ हे यंत्राला किती खात्रीने सांगू द्यायचे, हा प्रश्न तांत्रिक दिसतो. त्याचे उत्तर मात्र माणसांच्या हक्कांवर जाऊन पडते. गावांच्या नावांचाही असाच घोळ होतो. म्हणून केंद्राने प्रत्येक गावाला आणि स्थानिक संस्थेला एकच कोड देणारी निर्देशिका केली. ती सर्वत्र वापरली जाणे हे अजून चालू असलेले काम आहे.

इथवरचा प्रवास

सरकारी संगणकीकरणाचा हा प्रवास दोन रुळांवर झाला. एक रूळ शासनाचा, दुसरा तंत्राचा.

शासनाच्या रुळावर पहिले मोठे स्थानक १९७६ चे. त्या वर्षी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले एनआयसी, स्थापन झाले. ऐंशीच्या दशकात उपग्रहावर चालणारे निकनेट आले आणि जिल्हाधिकारी कार्यालयात एनआयसीची खोली दिसू लागली. कायम नोकरीतला शासकीय संगणकतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो, तहसीलदारांना नावाने ओळखतो आणि सॉफ्टवेअर स्वतः लिहितो, हे चित्र त्या काळातले. सातबारा आणि ई-फेरफारच्या प्रणाली एनआयसीच्या पुणे केंद्रातून आल्या. १९९५ मध्ये एनआयसीएसआय ही कंपनी निघाली आणि तिच्या मार्फत सामग्री व मनुष्यबळ पुरवण्याची वाट मोकळी झाली. २००६ च्या राष्ट्रीय ई-शासन योजनेने राज्य डेटा सेंटरची कल्पना रुजवली. विभागांचे सर्व्हर एका छताखाली येऊ लागले.

मग छतच भाड्याने घेण्याचा विचार आला. केंद्राच्या ‘मेघराज’ उपक्रमाखाली एनआयसीचा नॅशनल क्लाउड फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. खासगी क्लाउड कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या यादीत येण्यासाठी एसटीक्यूसी या शासकीय यंत्रणेच्या तपासणीतून जावे लागू लागले आणि शासनाचा डेटा भारताच्या सीमेतच राहिला पाहिजे ही अट पडली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणि अॅमेझॉनने २०१६ मध्ये भारतात डेटा सेंटर उघडली होतीच. ऑगस्ट २०१६ मध्ये जेम हे सरकारी खरेदीचे पोर्टल सुरू झाले आणि पुढे क्लाउड सेवाही त्यावर मिळू लागल्या. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले. असे करणारे पहिले राज्य म्हणून त्याची नोंद झाली. जगात हे थोडे आधी सुरू झाले होते. अमेरिकेने क्लाउड तपासणीसाठी फेडरॅम्प २०११ मध्ये आणले, ब्रिटनने जी-क्लाउड २०१२ मध्ये.

तंत्राच्या रुळावर १९७० मध्ये एडगर कॉडचा रिलेशनल डेटाबेसवरचा लेख आला आणि तक्ते, ओळी, रकाने ही आजची भाषा जन्मली. नव्वदच्या दशकात बिल इनमन आणि राल्फ किंबॉल यांनी डेटा वेअरहाउसच्या दोन वाटा घातल्या. इनमनच्या मते आधी सगळ्या संस्थेचे एकसंध भांडार बांधावे आणि त्यातून प्रत्येक विभागाला हवे ते द्यावे. किंबॉलच्या मते ज्या प्रश्नाचे उत्तर हवे त्यापासून सुरुवात करावी, छोटी भांडारे बांधावीत आणि सामाईक रकान्यांनी ती जोडावीत. सरकारी प्रकल्पांच्या निविदा बहुधा इनमनच्या भाषेत लिहिल्या जातात आणि प्रत्यक्षात मुदतीच्या रेट्याने किंबॉलच्या वाटेने पूर्ण होतात. पुढे २००६ मध्ये हडूप आले, बर्कलीत स्पार्क जन्मले, लिंक्डइनमधून काफ्का आणि एअरबीएनबीतून एअरफ्लो बाहेर पडले. कच्ची माहिती आहे तशी स्वस्तात साठवून ठेवायची आणि गरजेनुसार घडवायची, ही ‘डेटा लेक’ची रीत रुळली. तिला शिस्त नसेल तर तळ्याची दलदल होते, हे लक्षात आल्यावर लेक आणि वेअरहाउस यांचा संकर असलेले ‘लेकहाउस’ आले. आज शासकीय प्रकल्पांत वेअरहाउस, लेक आणि लेकहाउस हे तिन्ही थर एकावर एक सापडतात. आजच्या कंत्राटी इंजिनिअरला वीस वर्षांपूर्वीचा स्टोअर्ड प्रोसिजर वाचता यावा लागतो आणि या वर्षीचा स्पार्क जॉबही लिहिता यावा लागतो.

चार घराणी

सरकारी डेटाचे काम करण्याची आपल्याकडे चार घराणी दिसतात.

पहिले एनआयसीचे. माणूस शासनाचा, कोड शासनाचा, यंत्रही बहुतेक शासनाचे. बळ असे की कारणे टिकतात. अमुक रकाना का ठेवला हे सांगणारा कोणीतरी असतो. उणीव अशी की माणसे मोजकी आणि कामे अफाट.

दुसरे घराणे मोठ्या सिस्टिम इंटिग्रेटर कंपन्यांचे. पूर्ण प्रकल्प निविदेने द्यायचा, बांधणे आणि चालवणे दोन्ही कंपनीकडे. टीसीएसचे पासपोर्ट सेवा, इन्फोसिसचे जीएसटी नेटवर्क ही देशपातळीवरची ठळक उदाहरणे. राज्यात शासन आणि टीसीएस यांची संयुक्त कंपनी महाऑनलाइन २०१० मध्ये निघाली, पुढे महाआयटी ही शासनाची कंपनी आली. या घराण्यात शिस्त असते, कागदपत्रे असतात, पण बदल करायचा तर ‘चेंज रिक्वेस्ट’ची वाट पाहावी लागते.

तिसरे मनुष्यबळ पुरवठ्याचे. विभागाला प्रकल्प नको असतो, चार माणसे हवी असतात. जेमवरून किंवा सूचीतल्या एजन्सीकडून दरमहा दराने ती घेतली जातात. काम अधिकारी सांगतात, पगार एजन्सी देते. या पुस्तकातले बहुतेक लोक याच घराण्यातले. काम लवचीक असते, पण उद्याचा भरवसा सगळ्यात कमी इथेच.

चौथे घराणे नवे आहे. शासन स्वतःच एक छोटी, विशिष्ट हेतूची कंपनी काढते आणि तिच्यातून संशोधन व उत्पादन करते. त्याचे ताजे उदाहरण नागपुरातच आहे. मार्च २०२४ मध्ये राज्याने पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने करण्याकरिता ‘मार्व्हल’ ही कंपनी इथे स्थापन केली. महाक्राइमओएस ही तिची गुन्हे तपासाची प्रणाली आधी नागपुरातल्या २३ पोलीस ठाण्यांत चालवून पाहिली गेली, ती मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर आहे आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती राज्यातल्या ११०० ठाण्यांत नेण्याचे जाहीर झाले. एका ठाण्यापुरती चूक ११०० ठाण्यांत गेल्यावर काय होईल, हे डेटा इंजिनिअरला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

नागपूरच का

या विषयावरचे पुस्तक मुंबई-पुण्यातून न येता नागपुरातून यावे हे स्वाभाविक आहे. आयटी म्हटले की इथे लोक मिहानकडे बोट दाखवतात. टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस तिथे आहेत, परसोडीच्या आयटी पार्कात पर्सिस्टंट आहे. पण शहराची डेटासंपत्ती सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स आणि अमरावती रोडवर विखुरलेली आहे. राजधानीपण गेल्यावरही केंद्राची कितीतरी कार्यालये इथेच राहिली, काही नव्याने आली.

इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचे मुख्यालय नागपुरात. २०१६ मध्ये सुरू झालेली खाण निगराणी प्रणाली उपग्रहाच्या चित्रांवरून खाणपट्ट्याच्या हद्दीबाहेर ५०० मीटरपर्यंत काही संशयास्पद हालचाल दिसते का ते पाहते. चित्र कितीही स्पष्ट असले तरी पट्ट्याची सीमा जुन्या कागदी नकाशावरून चुकीची उतरवली असेल, तर प्रामाणिक खाणमालक चोर ठरतो आणि चोर सुटतो. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ चे, ते व्हीएनआयटीच्या आवारात आहे. जलयुक्त शिवार या जलसंधारण योजनेच्या कामांचे फोटो स्थाननिश्चितीसह गोळा करण्याची व्यवस्था तिथून उभी राहिली. मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था या दोन्ही १९७६ पासूनच्या. नीरी आहे, वेकोलि आहे, मॉयल आहे, प्रत्यक्ष कर अकादमी आहे. सातशेच्या आसपास ठिकाणी साडेतीन हजारांहून अधिक कॅमेरे लावणारा सेफ अँड स्मार्ट सिटी प्रकल्प आहे. माती, कापूस, कोळसा, मँगनीज, हवा, रस्ता, प्रत्येकाची आकडेवारी इथे आहे आणि ती हळूहळू क्लाउडवर सरकते आहे.

दुसऱ्या बाजूला विदर्भातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणारी मुले-मुली आहेत. त्यांच्यातले पुष्कळ पुण्याची गाडी पकडतात. जे घरच्या कारणाने किंवा स्वेच्छेने इथे राहतात, त्यांना मिळणाऱ्या कामांपैकी एक हे आहे. महाविद्यालयात ते शिकवले जात नाही आणि प्लेसमेंटच्या पत्रकावर छापले जात नाही. म्हणून त्याविषयी मराठीत फारसे लिहिलेलेही दिसत नाही.

कंत्राटाची व्याकरणे

या कामाचा अर्धा भाग तांत्रिक आणि अर्धा कागदाचा. कंत्राटाची साखळी समजल्याशिवाय कामाचा ताण समजत नाही. विभाग एका शासकीय कंपनीला काम देतो, ती मोठ्या कंपनीला, मोठी कंपनी छोट्या एजन्सीला आणि एजन्सी इंजिनिअरला. त्याच्या नियुक्तिपत्रावर विभागाचे नाव बहुधा नसते. वरचे देयक एखाद्या टप्प्यावर अडकले की खालचा पगार लांबतो. कोणी भविष्य निर्वाह निधीसह पगारी असतो, तर कोणाला ‘कन्सल्टंट’ म्हणून करकपात करून शुल्क दिले जाते. त्याला रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही.

कायद्याची चौकटही माहीत हवी. कंत्राटी कामगार कायदा १९७० चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि त्याची जागा त्यांनी घेतली. २००६ च्या उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की नियमित भरतीची वाट टाळून झालेल्या नेमणुकांना केवळ वर्षे भरली म्हणून कायमपणाचा हक्क मिळत नाही. महाराष्ट्रात ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ एजन्सींमार्फत बाह्ययंत्रणेद्वारे भरतीचा मार्ग आखला होता. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांनी रान उठवले आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. प्रकल्पांच्या निविदांतून येणारे तांत्रिक मनुष्यबळ मात्र त्याच्या आधीही होते आणि नंतरही आहे. त्यांच्यासाठी मोर्चा निघाला नाही, कारण ते एका जागी एकत्र कधी दिसतच नाहीत.

क्लाउड आणि सरकारी अर्थसंकल्प यांचेही पटत नाही. क्लाउडचे बिल वापराप्रमाणे कमी-जास्त होते, शासनाची तरतूद वर्षाची ठरलेली असते. तारखेनुसार विभागणी न केलेल्या तक्त्यावर कोणी एक बेफिकीर क्वेरी चालवली की सगळा तक्ता वाचला जातो आणि बिल वाढते. मग मार्चअखेरीस त्या वाढीचे समर्थन टिपणीत लिहावे लागते. इथे चांगला कोड लिहिणे हे आर्थिक शिस्तीचे काम होते. तो लिहिणाऱ्याला मात्र वित्त विभागाची टिपणी कधी दाखवली जात नाही.

आत्ताच का

तीन कारणांनी हा विषय आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

पहिले कारण, योजनांची व्याप्ती. जून २०२४ च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली आणि महिना दीड हजार रुपये थेट खात्यात जाऊ लागले. वर्षभराने इतर योजनांच्या आणि विभागांच्या माहितीशी पडताळणी झाली तेव्हा २६ लाखांहून अधिक लाभार्थी अपात्र असल्याचे मंत्र्यांनी जाहीर केले. आता दोन्ही बाजूंनी विचार करा. अपात्र माणसाला पैसे जाणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय. पण पडताळणीच्या जोडणीत नावाची एक वेलांटी चुकून पात्र बाई वगळली गेली, तर तिच्यासाठी ते दीड हजार म्हणजे महिन्याचा किराणा. अशी वगळणी एका क्वेरीच्या एका ओळीतून होऊ शकते.

दुसरे कारण कायदा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याचे नियम यांनी डेटा हाताळणाऱ्यांवर जबाबदारी टाकली आहे. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने सायबर घटना सहा तासांत कळवण्याचे आणि नोंदी १८० दिवस जपण्याचे निर्देश दिले. डेटाची परवानगी कोणी दिली, कोणी पाहिला, कधी पुसला, हे सांगता आले पाहिजे. सहा महिन्यांच्या कार्यादेशावर आलेल्या माणसाने घेतलेल्या निर्णयांचा हिशोब तीन वर्षांनी कोण देणार?

तिसरे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता. भाषेची मॉडेले सरकारी माहितीवर उत्तरे देऊ लागली आहेत. मॉडेल आत्मविश्वासाने बोलते. रिठी गावाची ओळ गाळलेली होती हे त्याला ठाऊक नसते. डेटा कसा घडला याची नोंद नसेल तर चूक आता अधिक सफाईदार मराठीत आपल्यापर्यंत येईल.

हे पुस्तक काय करू पाहते

सरकारी नोकरीत बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. तलाठ्याने दप्तराची यादी करायची, नोंदवह्या मोजायच्या, शिक्के सोपवायचे, कोणत्या फाइली प्रलंबित आहेत ते लिहायचे आणि घेणाऱ्याने सही करायची. ही पद्धत जुनी आहे, किचकट आहे, तिची टिंगलही होते. पण तिच्यामुळेच दप्तर माणसाच्या पलीकडे टिकले. क्लाउडवरच्या दप्तराला अशी पद्धत नाही. निविदेत ‘एक्झिट मॅनेजमेंट’चे कलम असते, शेवटच्या आठवड्यात ‘केटी’ म्हणजे नॉलेज ट्रान्सफर म्हणून दोन-तीन ऑनलाइन बैठका होतात आणि पासवर्ड बदलले जातात. कोड हातात येतो. कारणे येत नाहीत.

पुस्तकाची रचना या उणिवेला धरून आहे. ते क्लाउडची बटणे शिकवणारे हस्तपुस्तक नाही. तसली बटणे वर्षाला बदलतात आणि त्यांचे व्हिडिओ फुकट मिळतात. कंत्राटी कामगारांचा जाहीरनामाही ते नाही, जरी कंत्राटातली अन्यायाची कलमे त्यात नाव न लपवता सांगितली आहेत. सरकारी डेटा कसा असतो, तो तसा का असतो, त्याच्यावर काम करताना कोणते निर्णय घ्यावे लागतात आणि ते निर्णय पुढच्या माणसासाठी कसे लिहून ठेवायचे, हे सांगणे हा त्याचा गाभा आहे. विदर्भातली उदाहरणे घेतल्यामुळे ते स्थानिक आहे. पण नांदेडच्या किंवा बेळगावच्या वाचकाला त्याच्या जिल्ह्यातली रिठी गावे, म्हणजे त्याच्या डेटातल्या तशाच फसव्या जागा, शोधायची सवय लागावी असा त्याचा हेतू दिसतो.

भाषेविषयी लेखनात घेतलेली भूमिका मला पटते. पाइपलाइन, जॉब, बॅकअप, टेबल हे शब्द जसे कार्यालयात बोलले जातात तसेच ठेवले आहेत. निविदा, देयक, कार्यादेश, मुदतवाढ हेही तसेच. एका जगाचा इंजिनिअर आणि दुसऱ्या जगाचा अव्वल कारकून यांना एकमेकांचे बोलणे समजावे, एवढी ही मराठी मोकळी आहे. खरे तर हे पुस्तक त्या कारकुनानेही वाचावे. डेटा इंजिनिअरला रिठी गाव म्हणजे काय हे सांगू शकणारा माणूस तोच आहे, आणि त्याला विचारायचे कोणाला सुचत नाही.

एक मतभेद नोंदवतो. कंत्राटी पद्धत अटळ आहे असा पुस्तकाचा सूर जागोजागी लागतो. मला तसे वाटत नाही. कर्जमाफी असो वा पोलीस ठाण्याची प्रणाली, जिथे नागरिकाच्या हक्काचा निर्णय डेटावर होतो तिथे किमान एक माणूस शासनाचा, कायम आणि तंत्र जाणणारा असलाच पाहिजे. एनआयसीच्या जुन्या घराण्याचा तो धडा विसरणे शासनाला महागात पडते आहे. बाकीचे हात कंत्राटी असू शकतात. चार्ज घेणारा मात्र कंत्राटी असून चालणार नाही.

तोवर करण्यासारखे एक साधे काम आहे आणि त्यासाठी नवे धोरण लागत नाही. प्रत्येक कार्यादेशाचा शेवटचा महिना फक्त चार्ज देण्यासाठी राखावा, त्याचे पैसे वेगळे द्यावेत, आणि चार्ज यादीवर देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय कंपनीचे अंतिम देयक काढू नये. अशा यादीचा एक नमुना या पुस्तकात आहे. कोणत्या रकान्याची माहिती कुठून येते, कोणत्या ओळी मुद्दाम वगळल्या, कोणाच्या तोंडी सांगण्यावरून, आणि कोणती शंका अजून सुटलेली नाही, असे रकाने त्यात आहेत. तरुण वाचकाने तो नमुना आपल्या पुढच्या प्रकल्पात पहिल्या दिवसापासून भरायला घ्यावा. अधिकारी वाचकाने तो पुढच्या निविदेला जोडपत्र म्हणून लावावा.